कार्डिनलची मादी की पिरुलॉक्सिया? आधी चोच बघा

अमेरिकेतल्या ॲरिझोनात टूसॉनला राहायला आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात आमच्या अंगणातल्या दाण्याच्या थाळीवर एक तुरेवाला करडा पक्षी येऊन बसला. तेव्हा आईशी व्हिडिओ कॉल चालू होता. फोन तिकडे वळवला तर ती म्हणाली, "अगं, हा तर बुलबुल!" डोक्यावर तुरा, मातकट अंग, आकारही साधारण बुलबुलाएवढा. तिला तसं वाटणं साहजिकच होतं. मी मात्र ठामपणे सांगितलं, "नाही गं, ही कार्डिनलची, म्हणजे इथल्या लाल तुरेवाल्या पक्ष्याची, मादी." पुढे दोन महिन्यांनी जुने फोटो बघताना लक्षात आलं की ती मादीही नव्हती आणि कार्डिनलही नव्हतं. तो पिरुलॉक्सिया नावाच्या, कार्डिनलच्याच नात्यातल्या पक्ष्याचा नर होता.

न्यू जर्सी, ओहायो किंवा शिकागोकडच्या मराठी मंडळींना हा प्रश्न पडत नाही. तिकडे तुरा आणि लाल रंग एकत्र दिसला की तो कार्डिनलच. ओहायो, इलिनॉय, व्हर्जिनियासह सात राज्यांनी त्याला राज्यपक्षी मानलं आहे. पण दक्षिण ॲरिझोना, दक्षिण न्यू मेक्सिको, टेक्सासचा दक्षिण आणि पश्चिम भाग आणि तिथून खाली मेक्सिकोत त्याचा हा सख्खा भाऊबंद, पिरुलॉक्सिया, राहतो. शास्त्रीय नावात दोघांचा वंश (जीनस) एकच, 'कार्डिनालिस'. इथले लोक पिरुलॉक्सियाला 'वाळवंटी कार्डिनल' असंही म्हणतात.

कार्डिनलचा नर ओळखायला अडचण नाही. तुऱ्यापासून शेपटीपर्यंत लाल, आणि चोचीभोवती काळा मुखवटा. उन्हाळ्यात इथे येणारा समर टॅनेजरही पूर्ण लाल असतो, पण त्याला ना तुरा ना मुखवटा. खरा घोळ होतो तो कार्डिनलची मादी आणि पिरुलॉक्सिया यांच्यात.

म्हणून रंग बाजूला ठेवा आणि आधी चोच बघा. कार्डिनलची चोच जाडजूड, शंकूसारखी आणि केशरी-लाल असते. मादीचीही तशीच. पिरुलॉक्सियाची चोच पिवळी, आखूड, आणि तिची वरची कड पोपटाच्या चोचीसारखी कमानीत खाली वळलेली. दुर्बिणीतून बाजूने पाहिलंत तर ही कमान इतकी ठसठशीत दिसते की पुन्हा विसरायला होत नाही. हिवाळ्यात पिवळा रंग मळतो, मादीची चोच तर फिकट शिंगासारखी दिसते, पण वळण तेच राहतं. उलट बाजूने एक फसगत होते. घरट्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या कार्डिनलच्या पिल्लांची चोच काळपट असते आणि केशरी व्हायला वेळ लागतो. त्यामुळे उन्हाळ्यात काळ्या चोचीचा तपकिरी, तुरेवाला पक्षी दिसला तर तिसरीच जात शोधत बसू नका.

चोचीनंतर चेहरा. कार्डिनलच्या मादीच्या चोचीभोवतीही काळपट छटा असते, नराच्या मुखवट्यापेक्षा फिकी. पिरुलॉक्सियाला ती नसते. त्याच्या नराच्या चोचीभोवती लाल रंग असतो आणि तो छातीवरून पोटापर्यंत ओघळलेला दिसतो, करड्या सदऱ्यावर कुंकू सांडावं तसा. अंगाच्या रंगातला फरक शब्दांत पकडणं अवघड आहे, तरी सांगते. कार्डिनलच्या मादीचा तपकिरी रंग मंद आचेवर भाजलेल्या बेसनासारखा उबदार असतो, तर पिरुलॉक्सिया चुलीतल्या राखेसारखा करडा. पंख, शेपटी आणि तुऱ्यात लालसर झाक दोघांनाही असते, तिच्यावर विसंबू नका. तुरा पिरुलॉक्सियाचा जास्त लांब आणि टोकदार असतो खरा, पण दोघंही तो मनाला येईल तेव्हा पाडून बसतात.

आवाजावरून ओळखण्याच्या भानगडीत सुरुवातीला पडू नये असं माझं मत आहे. दोघंही शीळ घालतात. कार्डिनलची भरदार आणि घरंगळत जाणारी, पिरुलॉक्सियाची जरा पातळ. कार्डिनलची मादीही गाते, त्यामुळे शीळ ऐकून "नर आहे" असंही म्हणता येत नाही.

रानात शोधायचं तर झाडोरा बघा. कार्डिनलला दाट आडोसा लागतो: कोरड्या ओढ्यांच्या काठची गर्दी, पाणी घातलेल्या बागा. पिरुलॉक्सिया त्याहून उघड्या, काटेरी माळावर रमतो. तिथे मेस्कीटची झुडपं असतात. आपल्याकडची वेडी बाभूळ याच मेस्कीटच्या जातकुळीतली, त्यामुळे सोलापूर-मराठवाड्याकडच्या माणसाला हा माळ ओळखीचा वाटेल. टूसॉनजवळच्या साबिनो कॅन्यन या दरीत एकाच सकाळी दोघंही भेटू शकतात. हिवाळ्यात पिरुलॉक्सिया थव्याने फिरतात, आणि घरांच्या अंगणात त्यांना बघायला तोच काळ सोपा.

थाळीत काय ठेवायचं? काळ्या सालीच्या सूर्यफुलाच्या बिया दोघांनाही चालतात. कार्डिनलला करडईही फार आवडते. ज्या करडईचं तेल आमच्या आजोळी घाण्यावरून यायचं, तीच इथे पक्ष्यांचं खाद्य म्हणून पिशवीत विकत मिळते याचं मला अजून अप्रूप वाटतं. नळीसारख्या फीडरच्या बारक्या दांडीवर कार्डिनलला नीट बसता येत नाही, त्याला रुंद, उघडी थाळी हवी. ती झुडपाजवळ असावी. खिडकीपासून एक तर मीटरभराच्या आत ठेवा किंवा चांगली दहा मीटर लांब. मधल्या अंतरावर पक्षी वेगात येऊन काचेवर आदळतात. दर दोन आठवड्यांनी थाळी धुवा, म्हणजे रोग पसरत नाही. वाळवंटात उथळ भांड्यात पाणी ठेवलंत तर दाण्यापेक्षा त्यालाच जास्त गर्दी होते. जमिनीवर मात्र दाणे सांडू देऊ नका, रात्री रानडुकरासारखे दिसणारे हावेलिना येतात.

कार्डिनल थाळीवर अगदी फटफटायच्या आधी येतो आणि दिवेलागणीनंतर शेवटचा जातो. त्या अर्धवट उजेडात तपकिरी आणि करडा एकच दिसतो. माझी पहिली चूक अशाच उजेडात झाली होती. तेव्हा ओळख पटवायची ती ऊन वर आल्यावर.

एक वेगळीच शक्यताही सांगून ठेवते. क्वचित कार्डिनल पिवळाधमक असतो. अन्नातल्या पिवळ्या रंगद्रव्यांपासून हा पक्षी शरीरात लाल रंग तयार करतो, आणि जनुकातल्या बिघाडाने ते काम अडलं की पिसं पिवळीच राहतात. 2018 मध्ये अलाबामात असा एक नर दिसला होता आणि त्याची खूप चर्चा झाली. पिवळा म्हणजे पिरुलॉक्सिया नव्हे. पिरुलॉक्सियाची चोच पिवळी असते, अंग करडंच असतं.

एवढं करूनही खात्री वाटली नाही, तर तिच्या जोडीदाराची वाट बघा. वसंत लागला की कार्डिनलचा लाल नर सूर्यफुलाची बी सोलतो, दोन उड्या मारून मादीजवळ जातो आणि ती तिच्या चोचीत भरवतो. ती मान जराशी तिरकी करून घास घेते. त्या क्षणी दोन केशरी चोची एकमेकींना टेकलेल्या दिसतात.