टर्मिनलला व्हायरस झालेला नाही, रीसेट मारा

नांदेड-लातूरकडच्या इंजिनिअरिंगच्या लॅबमध्ये लिनक्स सुरू झालं की हे ठरलेलं. फाइलमधलं सगळं जसंच्या तसं पडद्यावर ओतणाऱ्या कॅट कमांडला कुणीतरी फोटोची फाइल देतं, पडद्यावर कचरा धो धो वाहतो, आणि कधीकधी त्यानंतर टाइप केलेलं प्रत्येक लहान इंग्रजी अक्षर आडव्या-उभ्या रेषांचे तुकडे होऊन उमटतं. मोठी अक्षरं आणि आकडे मात्र शाबूत! लगेच ‘सर, व्हायरस आला’. खंडेनवमीला मशीनला हळदकुंकू खुशाल लावा, पण इथे बाधा कसलीच नसते. टर्मिनलने, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीने, फक्त सांगितलेलं ऐकलं आहे.

प्रोग्रामकडून टर्मिनलला बाइटची, म्हणजे ० ते २५५ मधल्या आकड्यांची, एकच रांग मिळते. दाखवायचा मजकूर आणि तो कुठे, कसा दाखवायचा याचे हुकूम, दोन्ही त्याच रांगेत. खूण म्हणजे २७ क्रमांकाचा बाइट, एस्केप. तो दिसला की टर्मिनल छापायचं थांबतो आणि पुढचं निरखू लागतो. उघडा चौकटी कंस आला तर आकडे गोळा करायचे, अर्धविरामाने वेगळे धरायचे. पहिलं अक्षर आलं की हुकूम पूर्ण, आणि काम काय ते त्या अक्षरावर ठरतं. ‘५;१०’ आणि मोठा एच: कर्सर पाचव्या ओळीत, दहाव्या रकान्यात. मोजणी १ पासून, शून्यापासून नाही. छोटा एम म्हणजे रूप: १ ठळक, ४ अधोरेखित, ३१ लाल, ० सगळं पूर्ववत. प्रश्नचिन्ह, २५ आणि छोटा एल दिला की कर्सर गायब; छोट्या एचने परत हजर. १९७८ च्या व्हीटी१०० या टर्मिनल यंत्राने ही पद्धत रूढ केली आणि उबंटू लिनक्सची टर्मिनल खिडकी आजही तिचीच नक्कल करते.

रंग अक्षरापुरता नसतो, ती टर्मिनलची स्थिती असते. शून्य-एम पाठवण्याआधीच प्रोग्राम कोसळला तर पुढचा सगळा मजकूर लालच येणार.

समजा जायकवाडीचा पाणीसाठा एकाच ओळीत सतत बदलून दाखवायचा आहे. १३ क्रमांकाच्या बाइटने, म्हणजे कॅरेज रिटर्नने, कर्सर ओळीच्या सुरुवातीला येतो, पण जुनं काही पुसलं जात नाही. म्हणून ‘१००%’ वर ‘९९%’ लिहिलं की दिसतं ‘९९%%’. उपाय: लिहून झालं की एस्केप, चौकटी कंस, मोठा के. कर्सरपासून ओळीचा शेवट साफ.

टाइप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्राम म्हणजे शेल; बॅश हा त्यातलाच एक. त्याचा प्रॉम्प्ट, म्हणजे कमांडच्या आधी दिसणारी खूण, रंगीत करताना रंगाचे कोड बॅकस्लॅश-चौकटी कंसांच्या जोडीत ठेवा. नाहीतर बॅश ते अदृश्य बाइटही लांबीत धरतो आणि लांब कमांड प्रॉम्प्टवरच चढते. मराठीत आणखी एक त्रास: मात्रा-जोडाक्षरांची रुंदी प्रोग्राम एक मोजतो, टर्मिनल दुसरी, आणि तक्त्याचे रकाने सरकतात.

रेषांचं कोडं असं: फोटोच्या बाइटमध्ये योगायोगाने एस्केप, गोल कंस, शून्य हा क्रम येऊ शकतो, आणि तो रेषाचिन्हांचा संच चालू करतो. रीसेट टाइप करून एंटर मारा. पडद्यावर रेषाच दिसतील, शेलला मात्र अक्षरं नीट पोचतात. एंटर चालत नसेल तर कंट्रोल-जे, रीसेट, पुन्हा कंट्रोल-जे. आणि अनोळखी फाइल कॅटने नको, पानापानाने दाखवणाऱ्या लेसने उघडा. तो एस्केप टर्मिनलला देत नाही, चिन्ह म्हणून दाखवतो.