आडवं पाजलं की दूध कानात जातं?

सोलापुरात बाळंतिणीला हमखास मिळणारी तंबी: "उठून बस गं, आडवं पाजलंस तर दूध कानात जाऊन कान फुटंल." मग रात्रभर पेंगत बसायचं आणि सकाळी मान-कंबर धरलेली.

ओघळ कानात गेला तरी पुढे पडदा आडवा असतो. घशातून मध्यकानाला नळी जाते खरी, पण कान फुटतो तो बहुधा सर्दीनंतरच्या संसर्गाने. अंगावर पिणाऱ्या बाळांत तो उलट कमीच. (बाटली मात्र सपाट निजवून देऊ नये.)

आडवं पाजताना कुशीवर झोपा, पाठीशी सोलापुरी चादरीची घट्ट गुंडाळी, गुडघ्यांमध्ये उशी. खालचा हात बाळाखाली अडकवू नका, मुंग्या त्यालाच येतात. बाळाजवळ उशी-पांघरूण नको. शेजारी कोणी दारू प्यालेलं किंवा बिडी-सिगारेट ओढणारं असेल, तर बाळाचं अंथरूण वेगळं.