ग्रीस, रबर आणि पुन्हा ग्रीस : जुन्या गाड्यांच्या बुशची पार्श्वभूमी

जुनी गाडी उभी करायला घेतली की पहिले पैसे रंगावर जातात, मग सीट कव्हरवर. बुशची, म्हणजे सांध्यात पिन किंवा बोल्टभोवती बसणाऱ्या नळीसारख्या तुकड्याची, आठवण होते ती खड्ड्यात 'खट्' असा आवाज यायला लागल्यावर. मग प्रश्न पडतो, रबरी घालायचे की पॉलियुरेथेनचे (रबरापेक्षा ताठ अशा प्लास्टिकचे)? दुकानदार त्याचं उत्तर किमतीवरून देतो. पण रबर तिथे मुळात आलं कशाला, हे कळल्याशिवाय या प्रश्नाला हात घालण्यात अर्थ नाही.

पहिल्या मोटारींना सांधे मिळाले ते घोडागाडीकडून. स्प्रिंगच्या पाट्याच्या टोकाच्या वळ्यात ब्राँझचा बुश, त्यात पोलादी पिन आणि मध्ये वंगण. धूळ-पाणी आत शिरलं की पिन आणि बुश दोन्ही घासले जायचे, म्हणून सारखं गाडीखाली शिरून ग्रीस मारायचं. पॅकार्डसारख्या महागड्या गाड्यांत तर आतूनच एकदम सगळ्या सांध्यांना तेल पोचवणारी 'बिजुर' यंत्रणा असे. विलीज जीपने वेगळी वाट काढली : शॅकलला (पाट्याचं टोक गाडीला जोडणाऱ्या कडीला) आटे आणि त्यावर आट्यांचेच बुश. त्यातले काही उलट्या आट्यांचे, ओळखायची खूण म्हणजे डोक्याभोवतीची खाच. हे ठाऊक नसलेला माणूस भलत्याच दिशेने पान्यावर जोर लावत बसतो.

रबर टिकाऊ करण्याची व्हल्कनायझेशनची कृती चार्ल्स गुडइयरला १८३९ मध्ये सापडली, पेटंट १८४४ चं. तरी गाडीच्या सांध्यात रबर नीट बसायला विसाव्या शतकाची विशी उजाडली. लेऑं थिरी यांनी पोलादाच्या दोन नळ्यांमध्ये रबर दाबून, ताणून बसवलं. बाहेरची नळी आर्ममध्ये (चाकाला गाडीशी जोडणाऱ्या दांड्यात) ठोकून घट्ट, आतली बोल्टने आवळून घट्ट. आर्म वर-खाली झाला की पीळ बसतो तो फक्त रबराला. कुठलाच पृष्ठभाग दुसऱ्यावर घासत नाही, म्हणून ग्रीस नको आणि आवाजही नाही. नावच 'सायलेंटब्लॉक'. पुढे लेस्टरच्या मेटलास्टिकसारख्या कंपन्यांनी रबर धातूला रासायनिकरीत्या चिकटवलेले बुश बनवले.

बुश बदलताना होणारी सर्वात मोठी चूक इथेच आहे. जॅकवर गाडी, चाकं लोंबकळती आणि मेकॅनिक बोल्ट पूर्ण आवळून मोकळा. गाडी खाली उतरली की रबराला कायमचा पीळ बसतो आणि नवा कोरा बुश लवकरच फाटतो. गाडी चाकांवर उभी राहिल्यावर, तिच्या नेहमीच्या उंचीलाच शेवटचं आवळायचं. पीळ हेच ज्याचं काम, त्याला आरामाची जागा हवी, एवढं साधं कारण.

बॉडी माउंटची, म्हणजे बॉडी आणि चासी (खालचा सांगाडा) यांच्यामधल्या गादीची, गोष्ट जरा वेगळी आहे. सुरुवातीला बॉडी आणि चासी यांच्यामध्ये चामडं, कॅनव्हास, फेल्ट, जे मिळेल ते घालत. हेतू कुरकुर थांबवणे. रबराने कंपनं अडवता येतात हे लोकांना पटवलं क्रायस्लरने. १९३१ च्या चार सिलिंडरी प्लिमथमध्ये त्यांनी इंजिन रबरावर तोललं आणि त्याला 'फ्लोटिंग पॉवर' म्हटलं. सित्रोएनने परवाना घेतला आणि जाहिरातीत हंस पोहवला. (वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सने कुर्ल्यात आधी जोडल्या त्या याच क्रायस्लर घराण्यातल्या गाड्या, फियाट नंतरची.) १९६५ पर्यंत माउंट हा आवाजाचा हिशेब झाला होता. फोर्डने त्या साली नवी चासी आणि तिच्यावर विचारपूर्वक जागा ठरवून बसवलेले रबरी माउंट आणले आणि आपली गाडी रोल्स-रॉईसपेक्षा शांत असल्याची जाहिरात केली.

आपल्याकडच्या पद्मिनी आणि अँबॅसिडर मोनोकॉक, म्हणजे वेगळी चासी नसलेल्या, त्यामुळे त्यांत असे बॉडी माउंट शोधू नयेत. मद्रासला बनलेल्या स्टँडर्ड हेराल्डला मात्र वेगळी चासी आहे, आणि जीपला तर आहेच. तिथे माउंट बदलताना आधी दारांच्या फटी मोजून लिहून ठेवाव्यात. माउंटखालच्या पातळ चकत्या कुठे किती होत्या तेही. नंतर दार लागत नाही म्हणून बिजागरीला दोष देण्यात दिवस जातो.

पॉलियुरेथेन १९३७ मध्ये जर्मनीत ओटो बायर यांच्या प्रयोगशाळेतून आलं. रेसवाल्यांना ते आवडलं, कारण ते कमी दबतं आणि तेलाने रबरासारखं फुगत नाही. पण बहुतेक पॉली बुश आतल्या नळीवर फिरतो, म्हणजे पुन्हा घर्षण, पुन्हा ग्रीस, आणि ग्रीस सुकलं की चूं-चूं. ज्या कटकटीतून थिरींनी सोडवलं तीच पैसे मोजून परत आणायची! अँटी-रोल बारला (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांड्याला) पॉली छान चालतं, कारण तिथे नुसतं गोल फिरणं असतं. जो आर्म फिरता फिरता थोडा तिरपाही होतो, तिथे त्याचा ताठरपणा धातूवर ताण टाकतो. बॉडी माउंटला घातलं तर रस्त्याचा सगळा आवाज केबिनमध्ये येतो.

आणि जुना 'ओरिजिनल' माल मिळाला म्हणून फार हरखू नये. रबर पाकिटातही म्हातारं होतं. हवेतला ओझोन त्याला तडे पाडतो. पुण्याच्या नाना पेठेत किंवा मुंबईच्या चोर बाजारात असा बुश हाती आला तर आधी नख रुतवून बघावं, मग कडेला बारीक भेगा आहेत का ते उजेडात धरून.