रक्तदान: लोकं का करतात, का टाळतात

कोणाच्या जबरदस्तीशिवाय रक्त द्यायला माणूस कशामुळे पुढे येतो आणि कशामुळे मागे फिरतो, हा रक्तपेढ्यांसाठी रोजचा प्रश्न आहे. रक्त अजून कारखान्यात बनत नाही. लाल पेशी थंड ठेवल्या तरी जास्तीत जास्त ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स तर ५ ते ७ दिवसच, म्हणजे एकदाच भरपूर साठवून ठेवू असं चालत नाही, लोकांनी परत परत यावंच लागतं.

एक पक्कं कारण म्हणजे स्वतःला किंवा घरच्या कोणाला रक्त लागलेलं असणं. ऑस्ट्रेलियाचे जेम्स हॅरिसन १४ वर्षांचे असताना छातीच्या मोठ्या ऑपरेशनमध्ये परक्या लोकांच्या रक्तावर वाचले, मग १९५४ पासून ते स्वतः द्यायला लागले आणि २०१८ पर्यंत त्यांनी ११७३ वेळा दान केलं, त्यात बरंचसं प्लाझ्माचं, म्हणजे रक्तातल्या पातळ भागाचं. आणि या माणसाला सुईची भीती वाटायची! सुई टोचताना त्यांनी कधी हाताकडे बघितलं नाही, नर्सकडे नाहीतर वर छताकडे बघत बसायचे.

म्हणजे भीती असणं आणि रक्त न देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चक्कर येईल ही धास्ती मात्र अगदीच खोटी नाही, काहींना येते, विशेषतः पहिल्यांदा देणाऱ्या तरुणांना. आधी अर्धा लिटर पाणी प्यायलं आणि पडल्या पडल्या पायाचे स्नायू आवळून सोडत राहिलं तर ती शक्यता कमी होते, आणि हे दारातच सांगायला हवं. अशक्तपणा येतो हा समज तर घराघरात आहे. अंगात साधारण ५ लिटर रक्त असतं, त्यातलं ३५० ते ४५० मिली घेतात, पातळ भाग एक-दोन दिवसांत भरून येतो, लाल पेशींना काही आठवडे लागतात. वरचेवर देणाऱ्यांचं लोह कमी होऊ शकतं, तेही लपवू नये.

माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान होतं ते परत पाठवण्याच्या पद्धतीने. एखादी मुलगी हिंमत करून येते, बोटाला टोचतात, हिमोग्लोबिन कमी निघतं आणि "तुमचं चालणार नाही" एवढंच ऐकून ती निघून जाते. अडचण तात्पुरती असते, पण तिला वाटतं आपण कायमच्याच बाद झालो, आणि असे कितीतरी लोकं पुन्हा फिरकत नाहीत. बाकी कितीतरी जण न देण्याचं कारण एवढंच सांगतात की कोणी विचारलंच नाही.

पैशाचा वाद जुना आहे. ब्रिटिश समाज-अभ्यासक रिचर्ड टिटमस यांनी १९७० मध्ये मांडलं की पैसे दिले की देण्याची भावना मरते आणि रक्ताची सुरक्षितताही घसरते, कारण गरजू माणूस आजार लपवतो. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या (WHO) सभेनेही विनामोबदला दानाच्याच बाजूने ठराव केला. पण छोटी भेटवस्तू किंवा कामावरून सुट्टी दिली तर लोकं वाढतात असंही नंतरच्या बऱ्याच अभ्यासांत दिसलंय.

मोठी दुर्घटना झाली की रांगा लागतात. सप्टेंबर २००१ मध्ये दहशतवादी हल्ल्यानंतर अमेरिकेत इतकं रक्त जमलं की बरंचसं मुदत संपून वाया गेलं. याउलट, आपलं रक्त कामी आलं हे देणाऱ्याला कळावं म्हणून स्वीडनमध्ये रक्तपेढ्यांनी साधी गोष्ट सुरू केली, तुमची पिशवी एखाद्या पेशंटला चढवली की तुमच्या मोबाईलवर तसा मेसेज येतो.