सांधा अडतो तो विजेपाशी

मॉडेल रेल्वेत गाडी थबकली की पहिला संशय सांध्यावर, म्हणजे एका मार्गाचे दोन मार्ग फुटतात त्या जागेवर, जातो आणि बहुतेकदा तो खराही ठरतो. याचं मूळ मधला तिसरा रूळ काढून टाकण्याच्या निर्णयात आहे.

मार्कलिनने १९३५ साली आणलेली छोट्या मापाची गाडी काय किंवा १९३८ची हॉर्नबी डब्लो काय, दोन्हींना वीज मधल्या रुळातून मिळायची. बाजूचे दोन्ही रूळ एकाच ध्रुवाचे असल्याने ते सांध्यात एकमेकांना भिडले तरी बिघडत नसे. पण तिसरा रूळ खऱ्या रेल्वेसारखा दिसत नाही, म्हणून दोन रुळांची पद्धत रुजली. हॉर्नबी डब्लोनेही १९५९ साली ती आणली. आता डावा रूळ एका ध्रुवाचा आणि उजवा दुसऱ्या. दोन मार्गांचे आतले रूळ जिथे मिळतात तो टोकदार तुकडा, म्हणजे फ्रॉग, एका मार्गासाठी डाव्याचा हवा आणि दुसऱ्यासाठी उजव्याचा.

यावर दोन तोडगे निघाले. प्लास्टिकचा फ्रॉग सोपा, पण त्यावर वीजच नाही. चार चाकांचं लहान शंटिंग इंजिन नेमकं तिथे बंद पडतं. धातूच्या फ्रॉगला वीज मिळते ती मार्ग बदलण्यासाठी सरकणाऱ्या पट्टीचं टोक बाजूच्या रुळाला टेकलं तरच. त्या टोकावर धूळ किंवा तेलाचा थर बसला की संपर्क तुटतो. माझ्या मते फ्रॉगसाठी सांधा हलवणाऱ्या मोटारीसोबत वेगळा स्विच बसवणं हाच खरा उपाय, आणि जाणते हौशी तेच करत आले आहेत.

गाडी घसरण्याची कथा वेगळी. प्रत्येक कंपनीची चाकं आणि रूळ आपापल्या मापाचे असत. त्यात मेळ आणण्यासाठी १९३५ साली अमेरिकेत मिलवॉकी इथे नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन स्थापन झाली. १६.५ मिलिमीटर रुंदीच्या रुळावर चाकांमधलं अंतर किंचित कमी-जास्त झालं तरी चाक फ्रॉगच्या टोकावर चढतं. संस्थेची धातूची मापपट्टी म्हणूनच आजही हौशींच्या हाताशी असते.

सांधा हलवणाऱ्या यंत्रातही सुधारणा झाल्या. दोन कॉइलच्या मोटारीचं बटण जास्त वेळ दाबलं गेलं की कॉइल जळते; कपॅसिटरमध्ये साठवलेली वीज एका झटक्यात सोडण्याची युक्ती त्यावरच निघाली. पुढे पट्टी सावकाश सरकवून तिथेच दाबून धरणाऱ्या मोटारी आल्या.

१९९०च्या दशकात डिजिटल नियंत्रण पसरलं आणि जुना दोष उघडा पडला. चाकाची पाठ रुळापासून दूर असलेल्या, दुसऱ्या ध्रुवाच्या पट्टीला क्षणभर घासली, तर पूर्वी दिवा जरासा लुकलुके. आता तेवढ्या शॉर्ट सर्किटनेही सगळी मांडणी बंद पडते. इंग्लंडच्या पेको कंपनीच्या नव्या युनिफ्रॉग सांध्यात पट्ट्या कायमच्या बाजूच्या रुळाशी जोडलेल्या असतात आणि फ्रॉग तेवढा अलग असतो. धातूच्या फ्रॉगचा जुना सांधा असेल, तर फ्रॉगच्या अलीकडे रूळ कापून तारा जोडाव्या लागतात, आणि हे काम सांधा फळीवर ठोकण्याआधीच केलेलं बरं.