बर्निना एक्स्प्रेस आणि बर्निनाचा मार्ग: गाडी ही एक गोष्ट, रूळ ही दुसरी

स्वित्झर्लंडला निघालेल्यांचा दर मोसमात तोच प्रश्न असतो : "बर्निना एक्स्प्रेस फुल झाली, आता बर्निना राहिलंच ना?" आणि ऐकणारेही हळहळून "पुढच्या वेळी लवकर बुकिंग करा" असं सांगतात. अहो, काहीही राहिलेलं नाही. डेक्कन क्वीनचं तिकीट मिळालं नाही म्हणून आपण बोरघाट रद्द करतो का? दुसऱ्या गाडीत बसतो आणि त्याच बोगद्यांतून, त्याच दऱ्यांवरून जातो. इथेही अगदी तसंच आहे : आल्प्समधल्या बर्निना खिंडीतून एक्स्प्रेसच्याच रुळांवरून साध्या गाड्याही जातात.

आधी एक छोटा गोंधळ मिटवू. ग्लेशियर एक्स्प्रेस ही तिसरीच गाडी. ती झरमॅटहून सेंट मॉरिट्झला सुमारे आठ तासांत जाते आणि बर्निना खिंडीकडे वळतच नाही. तिचा विषय इथेच सोडू.

बर्निना एक्स्प्रेस ही एक गाडी आहे : छतापर्यंत काचा असलेली, स्वित्झर्लंडमधल्या चूरहून इटलीतल्या तिरानोला साधारण चार तासांत नेणारी. बर्निना मार्ग म्हणजे सेंट मॉरिट्झ ते तिरानो हे मीटरगेज रूळ, १९१० साली पूर्ण झालेले. चूरकडून येणारा आल्बुला मार्ग त्याच्या काही वर्षं आधीचा. २००८ साली युनेस्कोने जागतिक वारशात घेतले ते हे दोन मार्ग आणि त्यांभोवतीचा प्रदेश. काचेच्या डब्यांना तो मान मिळालेला नाही. (आपली कालका–शिमलाही त्याच वर्षी यादीत आली.) आणि याच रुळांवरून ऱ्हेटिअन रेल्वे या तिथल्या कंपनीच्या साध्या लाल गाड्या दिवसभर, साधारण तासाला एक, धावत असतात. शाळकरी मुलं, बाजाराच्या पिशव्या घेतलेल्या आजीबाई, सायकलवाले, सगळे त्यातूनच जातात.

लोक अडखळतात ते पासावर. स्विस ट्रॅव्हल पास (पर्यटकांसाठीचा स्वित्झर्लंडभरच्या प्रवासाचा पास) दोन्ही गाड्यांत, थेट तिरानोपर्यंत, चालतो. पण पास म्हणजे भाडं, जागा नव्हे. एक्स्प्रेसमध्ये आरक्षण सक्तीचं आहे आणि त्याचे पैसे पासधारकालाही वेगळे मोजावे लागतात. साध्या गाडीला आरक्षण लागत नाही. पास दाखवा आणि बसा. आपल्याकडे तिकीट आणि आरक्षण एकाच कागदावर येतं, म्हणून "पास असून पैसे कसले?" असं वाटतं. मला एका टूरवाल्याने "पासात बर्निना येत नाही" असं ठामपणे सांगितलं होतं, आणि मी ते खरं मानून आरक्षण घेतलंही. एक्स्प्रेसमध्ये बसल्यावर शेजारच्या रुळावर उभी असलेली साधी गाडी पाहिली, तेव्हा कळलं की पासावर तिच्यातही बसता आलं असतं.

पुढच्या खेपेला मुद्दाम साध्या गाडीने गेलो, आणि आता तीच सुचवतो. कारण खिडकी. एक्स्प्रेसची काच उघडत नाही. फोटोत डोंगरावर स्वतःचाच शर्ट उमटतो. साध्या गाडीच्या जुन्या डब्यांत काच खाली ओढता येते. ब्रुसिओला गाडी नऊ कमानींच्या गोल पुलावरून वळत उतरते आणि त्याच पुलाच्या एका कमानीखालून निघते. डोकं आत ठेवून, फक्त कॅमेरा कडेला धरला की आपल्याच गाडीचे डबे वाकत जाताना दिसतात आणि चाकांचा किरकिराट कानात शिरतो. उन्हाळ्यात काही साध्या गाड्यांना छत नसलेले पिवळे डबेही जोडतात.

दुसरं कारण, मधे उतरता येतं. ओस्पिझिओ बर्निना हे स्टेशन २,२५३ मीटरवर, या मार्गाचा माथा. तिथून पुढे २,०९१ मीटरवर आल्प ग्रुम. समोर पालूची हिमनदी. सूप प्यायचं, फिरायचं, पुढच्या गाडीने खाली. एक्स्प्रेसमध्ये हे जमत नाही. तिरानो जेमतेम ४२९ मीटरवर आहे, म्हणजे अठराशे मीटरची उतरण, तीही दातेरी रुळाशिवाय. चढ १४ ला १ (१४ मीटर पुढे जाताना १ मीटर वर) पर्यंत जातो. बोरघाटात ३७ ला १ आहे आणि तिथे मागून बँकर इंजिनं लावावी लागतात, हे आठवलं की या छोट्या गाडीपुढे हात जोडावेसे वाटतात.

एक्स्प्रेस कुणी घ्यावी? सोबत वयस्कर आईवडील असतील, सामान जास्त असेल, चूरहून गाडी न बदलता जायचं असेल, त्यांनी जरूर घ्यावी. साध्या गाडीने चूरहून आलात तर वाटेत बदलावी लागते.

वेळापत्रकात सेंट मॉरिट्झ ते तिरानो एवढंच टाका. 'पीई' (PE, म्हणजे पॅनोरमा एक्स्प्रेस) लिहिलेली गाडी एक्स्प्रेस. ती सोडून कुठलीही धरा. पासपोर्ट जवळ ठेवा, तिरानो इटलीत आहे. आणि शेवटची पाच मिनिटं उठून सामान काढू नका : गाडी गावात शिरताना मादोन्ना चर्चसमोरच्या चौकातून, थांबलेल्या मोटारींच्या नाकासमोरून, ट्रामसारखी जाते.