देवपुत्रत्व (ख्रिस्ती धर्मग्रंथातील संकल्पना)

देव आणि त्याने आपली म्हटलेली व्यक्ती किंवा प्रजा यांचा संबंध पिता-पुत्राच्या नात्याने सांगणारी बायबलमधील संकल्पना. ‘देवाचा पुत्र’ हे ख्रिस्ती श्रद्धेत येशू ख्रिस्ताचे मुख्य बिरुद असले, तरी बायबलचा पूर्वभाग असलेल्या जुन्या करारात हाच शब्दप्रयोग स्वर्गीय दूत, इस्राएल राष्ट्र आणि दावीद वंशातील राजा यांना, तर उत्तरभाग असलेल्या नव्या करारात श्रद्धावंतांनाही लावलेला आढळतो. देवाने मानवी पित्याप्रमाणे अपत्य जन्माला घातले, असा अर्थ यांपैकी कोठेही अभिप्रेत नाही. हा गैरसमज मुळातच दूर केल्याशिवाय या संकल्पनेत शिरता येत नाही.

हिब्रू ‘बेन’ हा शब्द वंशाइतकाच गुणधर्म, समूह आणि अधिकार यांचाही वाचक आहे. याकोब व योहान या आपल्या दोन शिष्य-भावांना येशूने ‘गर्जनेचे पुत्र’ म्हटले आणि शांती स्वीकारणाऱ्या माणसाला ‘शांतीचा पुत्र’. मराठीत ‘भूमिपुत्र’ किंवा ‘मानसपुत्र’ म्हणतानाही देहाचा जन्म कोणाच्या मनात नसतो. ईयोबाच्या ग्रंथात (१:६) देवापुढे हजर होणारे ‘देवपुत्र’ म्हणजे त्याच्या दरबारातील स्वर्गीय सेवक होत.

निर्गम ४:२२-२३ मध्ये देव मिसरचा राजा फारो याला बजावतो, की इस्राएल हा माझा ज्येष्ठ पुत्र आहे, त्याने माझी सेवा करावी म्हणून त्याला जाऊ दे. पुत्रत्व, सुटका आणि सेवा ही तिन्ही येथे एकाच आज्ञेत आली आहेत. पुढे नाथान संदेष्ट्याच्या तोंडून दावीद राजाला त्याच्या वारसाविषयी वचन मिळते : मी त्याचा पिता होईन आणि तो माझा पुत्र होईल (२ शमुवेल ७:१४). स्तोत्रसंहितेतील दुसऱ्या स्तोत्रात देव राजाला ‘तू माझा पुत्र आहेस, आज मी तुला जन्म दिला आहे’ असे म्हणतो. यातील ‘आज’ हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण तो राजाच्या जन्मदिवसाकडे नव्हे, तर सिंहासनावर बसण्याच्या दिवसाकडे निर्देश करतो, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

शुभवर्तमानांत, म्हणजे मत्तय, मार्क, लूक व योहान यांच्या नावे असलेल्या येशूच्या वृत्तान्तांत, हा शब्द येशूला लागतो तेव्हा जुने सारे अर्थ त्याच्याबरोबर येतात. लूकने तिसऱ्या अध्यायात येशूची वंशावळ मागे मागे नेत ‘आदाम देवाचा’ येथे थांबवली आहे आणि लगेच चौथ्या अध्यायात सैतानाचे शब्द येतात : तू देवाचा पुत्र असशील, तर या धोंड्याला भाकर व्हायला सांग. आदाम खाण्याच्या मोहात पडला. इस्राएल रानात चाळीस वर्षे कुरकुरत राहिले. येशू रानात चाळीस दिवस उपाशी आहे. तो देत असलेली तिन्ही उत्तरे जुन्या करारातील ‘अनुवाद’ या ग्रंथाच्या सहाव्या व आठव्या अध्यायांतील आहेत आणि आठव्या अध्यायातच माणूस आपल्या मुलाला शिस्त लावतो तसा देव तुला शिस्त लावतो, असे इस्राएलला सांगितले आहे. म्हणजे येथे पुत्रत्वाची कसोटी चमत्कार करण्यात नसून आज्ञाधारकपणात आहे. मत्तयाच्या वृत्तान्तात वधस्तंभाजवळचे निंदक ‘तू देवाचा पुत्र असशील तर खाली उतर’ म्हणतात, तेव्हा सैतानाचीच भाषा पुन्हा ऐकू येते.

मार्कने हीच गोष्ट रचनेतून सांगितली आहे. बाप्तिस्म्याच्या वेळी आकाश फाटते आणि ‘तू माझा परमप्रिय पुत्र’ अशी वाणी होते. मृत्यूच्या क्षणी यरुशलेमच्या मंदिराचा पडदा फाटतो आणि रोमन शताधिपती येशूला देवाचा पुत्र म्हणतो. दोन्ही ठिकाणी ‘फाटणे’ यासाठीचे ग्रीक क्रियापद एकच आहे. नाणी व शिलालेख यांतून सम्राट ऑगस्टसला ‘दैवी पुरुषाचा पुत्र’ म्हणवणाऱ्या साम्राज्याच्या अधिकाऱ्याने हे शब्द वधस्तंभावरील माणसाविषयी काढावेत, यातला धक्का मूळ वाचकांना नक्कीच जाणवला असेल. बाप्तिस्मा आणि मृत्यू या दोहोंच्या मध्ये, अटकेपूर्वीची गेथशेमाने येथील प्रार्थना आहे. तिथे येशू ‘अब्बा’ (बाबा) हा घरातला अरामी शब्द उच्चारतो आणि त्याच दमात आपली इच्छा पित्याच्या स्वाधीन करतो.

योहानाच्या लेखनात मात्र हे नाते काळापलीकडे जाते : पुत्र जगाच्या आधीपासून पित्याजवळ आहे. तेथील ‘मोनोगेनेस’ या विशेषणाचा ‘एकुलता एक’ हा अनुवाद रूढ आहे. त्यात भर जन्मावर नसून एकमेवपणावर आहे. इब्री लोकांस पत्रात हेच विशेषण अब्राहामाचा मुलगा इसहाक याला लावले आहे, आणि अब्राहामाला इश्माएल हा आणखी एक मुलगा होताच. योहान ‘पुत्र’ हा शब्द देवाच्या संदर्भात येशूपुरताच राखतो. श्रद्धावंतांसाठी तो ‘लेकरे’ असा वेगळा शब्द योजतो.

प्रेषित पौलाने आपल्या पत्रांत श्रद्धावंतांचे पुत्रत्व ‘दत्तकपणा’ या कायद्यातील शब्दाने मांडले. रोमन समाजात वारस म्हणून प्रौढ पुरुषालाही दत्तक घेत आणि त्याला नवे नाव व वारसाहक्क मिळत. ऑगस्टस स्वतः जूलियस सीझरचा दत्तक पुत्र होता. पौलाच्या मते श्रद्धावंत दास नसून वारस आहेत आणि येशूची ‘अब्बा’ ही हाक आता त्यांच्याही मुखी आली आहे (रोमकरांस ८:१५-१७, गलतीकरांस ४:४-७). त्यांचे पुत्रत्व कृपेने मिळालेले आहे, येशूचे स्वतःचे आहे; हा भेद पौलाने कोठेही पुसू दिलेला नाही.

पुत्र हा पित्याने निर्माण केलेला आहे काय, हा प्रश्न, तसे मानणाऱ्या अलेक्झांड्रियाच्या एरियस या धर्मगुरूमुळे पेटला. इ. स. ३२५ मध्ये नायसिया येथील धर्मपरिषदेने पुत्र ‘जन्मलेला, निर्माण केलेला नव्हे’ आणि पित्याशी एकतत्त्व आहे, असे ठरवले. हे शब्द तत्त्वज्ञानाचे असले, तरी वादाचा कच्चा माल धर्मग्रंथातलाच होता. ‘सर्व सृष्टीत ज्येष्ठ’ हे कलस्सैकरांस पत्रातील वचन दोन्ही पक्ष पुढे करीत.

नव्या कराराच्या शेवटच्या ग्रंथात, प्रकटीकरण २१:७ मध्ये, दाविदाच्या वारसाला दिलेले जुने वचन पुन्हा येते. तेथे ते राजापुरते राहत नाही, तर विजय मिळवणाऱ्या प्रत्येकाला दिलेले आहे : मी त्याचा देव होईन आणि तो माझा पुत्र होईल.